उलटा हात

पलूसच्या डीपीवर चढलो तेव्हा
सबस्टेशनवरनं सांगितलं होतं, लाइन बंद.
बंदच होती.
पण खाली मंगल कार्यालयात कुणीतरी जनरेटर लावला,
आणि त्याची वीज डीपीतनं उलटी चढून
माझ्याकडं आली.

उजव्या तळव्यातनं आत, डाव्या टाचेतनं बाहेर.
मधल्या वाटेत काय काय जाळलं
ते मिरजेच्या डॉक्टरांना हळूहळू सापडत गेलं.
आधी दोन बोटं.
मग काळजाचा ठोका, मधेच एखादा गळणारा.
आणि परवा, दोन वर्षांनी, डोळ्यात मोतीबिंदू.
वय काय तुमचं?
चौतीस.
त्यांनी परत विचारलं.

वरनं दिसतं ते टाचेतलं भोक, हरभऱ्याएवढं.
लोक तेवढंच बघतात, म्हणतात, थोडक्यात निभावलं.

जनरेटरवाल्याचं नाव मी काढलं नाही.
लग्न मात्र वेळेवर लागलं म्हणे.

दस्तगीर मिस्त्री शिकवायचे,
तपासायचं तर उलट्या हातानं, पोरा.
तळवा हावरा असतो, धरलं की सोडत नाही.
मी विसरलो नव्हतो.
पण बंद तारेला
कोण उलटा हात लावतं?

आता तळव्याला काही कळत नाही,
चहाचा कप गरम आहे की नुसता भरलेला,
नाणं दहाचं की पाचचं.

काल रात्री पोरगी फणफणली.
वैजूनं उठवलं, बघा हो जरा.
मी हात उलटा केला,
तिच्या कपाळाला लावला.

चालू होती.