दुसऱ्या पेरापर्यंत

बसवण्णेप्पा रिटायर झाले त्या दिवशी
स्टोअरच्या किल्ल्या त्यांनी साहेबांना दिल्या
आणि खिडकीतला मनीप्लांट मला.
जुन्या चलनाच्या पाठीवर लिहून दिलं,
मराठीतच, कानडी वळणाच्या अक्षरात:
बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाल.
कोरडं आलं तर पाणी. नाही तर नाही.
आणि सवयीनं, ‘माल मिळाला’ छापलेल्या जागी
माझी सही घेतली.

उद्यमबागेतला एप्रिल म्हणजे
भट्टीबाहेरची भट्टी.
नळ आठ दिवसांतून एकदा, तोही रात्री.
कंग्राळीहून स्कूटीवर पायाशी कॅन घेऊन यायची,
रात्रभर उघडं ठेवून औषधाचा वास उडालेलं पाणी.
दर तिसऱ्या दिवशी, सकाळी,
खालच्या बशीत थेंब दिसेपर्यंत.
पानांवर फाउंड्रीची काळी धूळ,
ती ओल्या बनियनच्या तुकड्यानं, चष्मा पुसावा तशी.
काथ्याच्या खांबालाही पाणी.
हे चलनावर नव्हतं.
खांब भिजवला की हवेत लोंबणारी तपकिरी मुळं
चार दिवसांत त्याला चिकटायची.
हे माझं मीच शोधलं म्हणून
तो आठवडाभर मी जरा तोऱ्यात होते.

मग आषाढ.
आमच्याकडचा आषाढ पडत नाही, मुक्कामाला येतो.
फायलींना बुरशी, रजिस्टरची पानं सादळलेल्या पापडासारखी,
आणि मी आपली दर तिसऱ्या दिवशी,
कारण कॅलेंडरवर खूण होती.
एक पान पिवळं झालं. वाटलं, तहान.
आणखी घातलं.

पाचव्या पानाच्या दिवशी
यल्लाप्पा मोल्डर ॲडव्हान्स मागायला आत आला.
साच्याची वाळू तो कधी मोजत नाही,
मुठीत दाबतो, मूठ उघडतो:
बोटांचे ठसे उमटले पाहिजेत, तळवा कोरडा राहिला पाहिजे.
त्यानं कुंडीतली मूठभर माती दाबली.
पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.
“बाई, ह्यात लोखंड ओतलं तर
कास्टिंगमध्ये भोकंच भोकं.
कुठंतरी साकु म्हणायचं की.”
ॲडव्हान्स मी लगेच दिला.

मुळं काळी. वास कुजक्या कांद्याचा.
शेंड्याकडचं एक पेर तेवढं हिरवं.
ते कापून सोड्याच्या बाटलीत ठेवलं,
पेर पाण्यात, पान बाहेर.
पंचमीला बैलहोंगलहून फोन आला:
“हेंग ऐती?”
आहे, म्हटलं.
खोटं नव्हतं ते.

भाद्रपदात पेराशी पांढरा ठिपका.
नवरात्रात बोटभर मूळ.
विटांचा चुरा, काथ्याचा भुसा, थोडी माती,
आणि ह्या वेळी कुंडीचं भोक आधी तपासलं.

डिसेंबरात वेल काही करत नाही.
मीही काही करायचं नसतं, तेच जमत नाही.
कॅनमधलं पाणी इतकं गार की दात शिवशिवतील;
तांब्याभर काढून दुपारपर्यंत उन्हात ठेवते,
मग बोट घालते,
आणि बहुतेक वेळा त्या पाण्याचा चहा होतो.
पंधरा-वीस दिवसांतून एकदा वेलाचा नंबर.
यल्लाप्पा चहा पितो नि कुंडीकडे बघून
हिशेब बरोबर असल्यासारखा मान हलवतो.

काल नवीन पान दिसलं,
अजून सुरळीतच, विडीएवढं.
ह्या खेपेला फोन मी केला.
सगळं सांगितलं, आषाढापासून,
कांद्याच्या वासासकट.
पलीकडे बराच वेळ नुसती कुकरची शिट्टी.
मग म्हणाले, “मुट्टि नोड.”
हात लावून बघ.

फोन खांद्यात धरून बोट घातलं.
नखात माती.
पहिलं पेर कोरडं.
दुसरं

“नको,” म्हटलं. “परवा.”