मागचा रकाना

लोकमान्य नगर, तिसरा मजला, शनिवारची रात्र.
जेवणाच्या टेबलावर जर्मनीतलं एक गाव मांडलंय.
औषधांच्या खोक्यांची घरं, भांडी घासायच्या स्पंजाची झाडं,
शेवेच्या रिकाम्या डब्याचं चर्च.
हेरंबने गावाचं नाव काढलंय नकाशा बघून,
उच्चारताना त्याच्या घशात काहीतरी अडकतं.
लोकेंद्र म्हणतो, अपन तो इसको देपालपूर बोलेंगे, भिया.
तेच चालू होतं.

तक्ते माझ्याकडे.
दिवसभर वीज मंडळात मी लोकांचे मीटर जुळवते,
आकडा बसला नाही तर मला जेवण जात नाही.
म्हणून पांझरफाउस्टचं पान मी केलंय,
पट्टीने आखून, दोन शाईंत.
तीस, साठ, शंभर. पल्ला नावातच लिहिलेला,
इतका प्रामाणिक माल सियागंजातही मिळायचा नाही.
एकदा उडवला की नळी टाकून द्यायची.
पोलादात जवळजवळ वीतभर शिरतो.
साठ मीटरवर वीस बाजूंच्या फाशाला चौदा हवेत,
आडोसा असेल तर बारा,
घाबरलेल्याला सतरा.
पांझरश्रेक वेगळा, त्याला दोन माणसं लागतात,
आणि त्यांचेच शिपाई त्याला म्हणायचे
शेगडीचं धुराडं.

"पहिल्याला रॉकेट म्हणणं चूक आहे," हेरंब सांगतो.
दर शनिवारी सांगतो.
दर शनिवारी आम्ही गराडूची बशी त्याच्याकडे सरकवतो.

जसप्रीतचं पात्र: योखेन, वय सोळा, धैर्य नऊ.
अंगठ्याएवढा. हेल्मेट डोक्याहून मोठं.
मीच रंगवलाय, तीन केसांच्या कुंचल्याने.
तो एका दारात गुडघ्यावर बसलाय,
गल्लीत रणगाडा,
आणि जसप्रीतच्या मुठीत फासा खुळखुळतोय.

तेव्हा बाबा पाणी प्यायला उठले.

सुभेदार विश्राम धायबर, निवृत्त.
महूच्या रेंजवर अकरा वर्षं त्यांनी पोरांना
खांद्यावर नळी धरायला शिकवलं.
डावा कान तिथेच राहिला.
उजवा आमच्याकडे करून म्हणाले,
"ह्याच्या मागे काय आहे?"

खोली आहे, अंकल. भिंत.

"किती लांब?"

मी पट्टी लावली. दीड मीटर, आमच्या मापाने.

"मग गेला तो."

आम्ही तक्त्याकडे पाहिलं. तक्त्यात तसं काही नव्हतं.

"पुढे जातं ते सगळे बघतात," बाबा म्हणाले,
"तितकीच आग मागे निघते.
भिंत असली तर परत येते.
माणूस असला तर नाही येत."

फ्रिजचं दार उघडं होतं,
पिवळा उजेड चर्चवर पडला होता.

"मी ओरडायचो, मागे साफ?
उत्तर आल्याशिवाय घोडा दाबायचा नाही.
एकदा वारा होता.
उत्तर आलं.
मला ते साफ असं ऐकू आलं."

त्यांनी बाटली परत ठेवली, दार लावलं,
आणि झोपायला गेले.

मग मला ती लाल अक्षरं आठवली.
फोटोत नळीवर मागच्या बाजूला असतात.
योखेनच्या नळीवर मी ती लाल ठिपक्यांनी काढली होती,
वाटलं, कारखान्याचं नाव असेल.
हेरंबच्या शब्दकोशात शोधलं.
सावधान. आगीचा झोत.

पानावर आता जागा नाही.
वीजबिलाच्या कोऱ्या पाठीची पट्टी कापून
डाव्या कडेला चिकटवली,
वर लिहिलं, मागे.
खाली काय आकडे घालायचे ते अजून ठरलेलं नाही.

या गडबडीत जसप्रीतच्या हातून फासा पडला होता.
कुणी पाहिला नव्हता.
एकोणीस.
रणगाडा फुटला, नियमाने फुटलाच.
योखेनचं काय, ते कुणी विचारलं नाही.
लोकेंद्रने एका बोटाने
त्याला हळूच दाराबाहेर सरकवलं,
भिंतीपासून लांब,
उघड्या गल्लीत.
चाल त्याची नव्हती. तरी कुणी काही बोललं नाही.