गाठी

खोली अकरा. ओयेवोले बाबा.
तक्त्यात माझ्याच अक्षरात:
सोमवार, बटाट्याचा लगदा, दोन चमचे.
मंगळवार, सूप, नको.
बुधवार, चमचा फेकला.

इंग्रजी त्यांच्याकडून केव्हाच निघून गेली,
भाडेकरू जावा तशी, भाडं थकवून.
उरली योरुबा, आणि ती मला येत नाही.
मी फांटी, केप कोस्टची.
पण अॅबर्डीनच्या या वृद्धाश्रमात
आफ्रिका म्हणजे एक लहानसं गाव आहे.
आराबाला विचारा, तिला कळेल.

एकच शब्द ते धरून बसले होते:
आमाला. आमाला.
तेवढा मला कळला.

लेकीला फोन लावला. आबोसेडे, कॅलगरीत असते.
मला कुठे येतं, आई करायची, म्हणाली.
मग बराच वेळ
नुसता काचेवरचा बर्फ खरवडल्याचा आवाज.

बंदरामागच्या दुकानात यामचं पीठ मिळालं.
राखाडी. नाकाशी नेलं तर
जुन्या पोत्याचा वास, थोडा धुराचा.
पाव किलो मागितलं. दुकानदार हसला,
किलोच्या खाली कोणी नेत नाही, ताई.

शनिवारी स्वयंपाकीणबाई गेल्यावर आधण ठेवलं.
पीठ वैरलं आणि ते काळवंडलं,
कुणीतरी वाईट बातमी सांगावी तसं, एकदम.

आमच्याकडे याचंच एक गरीब भावंड असतं,
कसावाचं, कोकोन्ते.
त्याला टोपणनाव आहे: भिंतीकडे तोंड कर.
मैत्रिणी आल्या की मी ताट झाकायचे.
आईने पाहिलं होतं. बोलली नाही.
तर मनगटाला वाटलं, हे आपल्याला येतं.
उलथन्याऐवजी लाटणं घेतलं, घोटलं,
आणि गाठीच गाठी. बोराएवढ्या. आत कोरडं पीठ.

मागे खुर्चीची चाकं वाजली.
बाबांनी पातेल्यात पाहिलं
आणि एक शब्द म्हणाले.
तो कुठल्याही भाषेत कळला असता.

शर्टाचं बटण लावता न येणारा तो हात
लाटण्यावर बसला.
मी फडक्याने पातेलं धरलं,
पायाने खुर्चीचं चाक अडवलं.
कडेला दाबायचं, आपल्याकडे ओढायचं, पुन्हा दाबायचं.
मध्येच बोटं हवेत झटकली: पाण्याचा हबका.
मग झाकण. मग थांबायचं.
मी लवकर झाकण उचललं तर मनगटावर चापट.

गोठवलेल्या पाल्याचं बुळबुळीत कालवण गरम केलं,
ते मात्र बिघडवण्यासारखं नव्हतं.
जेवले. हाताने. चमचा शेजारी तसाच.
मध्येच माझ्याकडे बघून बरंच काही बोलले,
मी हो हो म्हटलं, आणि फोनवर टिपून घेतलं,
कुणी विचारलं तर असावं म्हणून.

तक्त्यात: शनिवार, दुपार, सगळं.
"शेरा"च्या रकान्यात काही सुचलं नाही.
पातेलं भिजत घातलं.
तळाची एक राहिलेली गाठ उभ्यानेच खाल्ली,
खिडकीकडे तोंड करून.
बाहेर साडेतीन, आणि समुद्र काळा.

रात्री आबोसेडेला ऐकवलं.
काय म्हणतायत?
म्हणतोय, पीठ नासलंस.
म्हणतोय, इतकी मोठी घोडी झालीस,
आईने तुला काही शिकवलं नाही.

मी म्हटलं, माफ करा.
ती म्हणाली, छे, हे माझंच आहे,
मलाच म्हणायचा.
पुन्हा लाव.

लावलं.

पुन्हा.