उजवीकडचा शेजारी

चिलोए बेटाच्या आतल्या अंगाला, केमचीच्या धक्क्याखाली
एक नळी उभी आहे, नळीत एक तरंगता गोळा.
दर सहा मिनिटांनी तिथून एक आकडा येतो:
पाणी किती वर आलं.
जूनचे सात हजार दोनशे आकडे.
मला त्यांतून भरत्या वेचायच्या होत्या, आणि सुकत्या.

नियम पोरानेही सांगावा असा.
डावीकडच्या शेजाऱ्याहून मोठा
आणि उजवीकडच्याहूनही, तर माथा.
दोघांहून लहान, तर तळ.
संगणकाने डोळा लवायच्या आत सांगितलं:
माथे नऊशे सोळा.

महिन्यात भरत्या येतात अठ्ठावन्न.
मग उरलेले कोण?
लाँच गेली, तिची लाट.
समुद्रसिंहाने खांबाला पाठ घासली.
वारा.
दुरून डोंगर साजरे;
जवळ गेलं की नुसते उंचवटे.

एदेल्मिरा नाहुएल्कीन पायरीवर बसून
शिंपल्यांची टोपली खळबळत होती.
छापलेली रेघ मी तिच्यापुढे धरली.
ओला अंगठा तिच्यावरून फिरवून म्हणाली,
"फार जवळून बघतोस बाबा.
पाणी उतरलं का, हे मी लाटेला नाही विचारत.
त्या मधल्या खडकाला विचारते."

तसं केलं. प्रत्येक आकड्याला
दोन्ही अंगांना तीस-तीस शेजारी दिले:
तीन तास मागचे, तीन तास पुढचे,
एवढ्यांत उंच असशील तरच उंच.
अठ्ठावन्न. बरोबर अठ्ठावन्न.
एके ठिकाणी मात्र अडलं,
सहा मीटर बारा, सहा बारा, सहा बारा,
तिघेही सारखेच. कुणाला माथा म्हणू?
"मधल्याला," ती म्हणाली.
"तेवढा वेळ पाणी विचार करतं."

मग तिने एक तारीख विचारली.
एकोणीस जून, पहाट.

गाळलेल्यांत सापडला:
तीन बेचाळीस. भरती नुकती ओसरू लागलेली,
आणि त्या उतारावर दोन बोटांचा एक फुगवटा.
"एवढाच?"
एवढाच.
"ओनोफ्रेने होडी लोटली ती इथूनच.
इंजिन लावलं नाही, माझी झोप मोडेल म्हणून."
टोपलीतलं पाणी तिने ओतून दिलं.
"मी जागीच होते."

अहवालात अठ्ठावन्नच गेले.
दोन बोटांसाठी रकाना नसतो,
आणि मीही तो काढला नाही.

उठता उठता तिने रेघेच्या टोकावर बोट ठेवलं.
"आणि हा?"
तीस जूनची मध्यरात्र, म्हटलं, कालची.
याला उजवीकडे अजून कुणी नाही.
पुढचे आकडे मी अजून उतरवले नाहीत.
तोवर हा माथा की चढ, मला सांगता येत नाही.

"मग मला विचार की."
तिने टोपली कमरेवर घेतली.
"काल रात्रीही जागीच होते.
चढत होतं."