नऊ सेंटिमीटर

अंतानानारिवोत रात्रीचे अकरा.
व्होआहांगी बिल्ले छापतेय :
माती परिषद, तीनशे बारा नावं.
लिंड, ओकोरो, कोह —
पाहुणे पटापट चौकटीत बसतात.
मग येतात म्हातारे रझाफिंद्रालाम्बो.
टाइप चोवीसचा. अठराचा. चौदाचा.
नऊला एकदाचं मावलं,
पण वाचणाऱ्याला त्यांच्या छातीला नाक लावावं लागेल.

गेल्या वर्षी नुसतं ‘आर.’ छापलं होतं.
त्यांनी तो बिल्ला खिशातच ठेवला.

ती प्रायोजकाची निळी पट्टी उडवते.
नाव दोन ओळींत, जाड.
कात्री, भोक, दोरी.

सकाळी प्रायोजकाचा माणूस निळं शोधत फिरतो.
चहापाशी कुणीतरी वाकून वाचतं,
रझा… फिन… द्रा…
चुकतं,
पण शेवटपर्यंत जातं.