वजा अकरा

गाभ्याची नवी आवृत्ती आली
की आम्ही जोडलेली सगळी ठिगळं
एकेक करून ओढून पाहायची असतात.
फोटोंचं चालतंय. कालवांच्या भावाचा तक्ता चालतोय.
ऑर्डरचं मॉड्यूल कुरकुरतं, पण चालतं.
भरती-ओहोटीचं प्लगिन मात्र
पांढरं पान दाखवून गप्प.

शेवटचा बदल: चौदा वर्षांपूर्वी.
कर्ता: तांगी केरब्रा.
ईमेल पाठवलं, ते परत आलं.
ब्रेतान्यच्या या टोकाला
सोसायटीच्या शेडमध्ये विचारलं, तर अनैग
हातातली सुरी न थांबवता म्हणाली,
"तांगी ना? गेला की.
कालवांवर रोग पडला, त्याच साली."

फाइल उघडली. तीनशे ओळी.
नीटस माणूस असावा.
गाभ्याला कुठेही धक्का नाही;
जिथे अडकवायची मुभा होती
तिथेच अलगद अडकवलेलं काम,
परक्याच्या घरी
दाराजवळच्या खुंटीला कोट लावावा तसं.
आणि एकशे बाराव्या ओळीत:
वजा अकरा.
शेजारी टीप, "राहू दे."
ना कारण, ना तारीख.

खरं सांगते, राग आला मला त्या अकराचा.
सरकारी तक्त्यात नाहीत ही मिनिटं,
कुठल्या सूत्रात बसत नाहीत.
खोडली.
नवं फंक्शन लिहिलं, चाचण्या हिरव्या झाल्या,
मंगळवारी चढवून
मी निवांत झोपले.

शुक्रवारी अनैगचा फोन.
नातू जाळ्या उलटत होता मांडवांवर,
ट्रॅक्टरच्या आसापर्यंत पाणी,
दोनशे जाळ्या तिथेच टाकून पळाला.
"बुडालं कोणी नाही," ती म्हणाली,
आणि मग बराच वेळ काहीच नाही, नुसता वारा.
"पण पोरी, तुझं घड्याळ उशिरा बोलतं."

पुढच्या ओहोटीला मी गेले त्यांच्याबरोबर,
उसने बूट, दोन नंबर मोठे.
सगळे समुद्राकडे तोंड करून वाकलेले.
समुद्र दूर, आडवा, पार निजलेला.
आणि पाठीमागे, वाळूच्या दांड्याआड,
खाडीच्या एका बोटभर वाटेनं
पाणी परत येत होतं,
आवाज न करता,
उशिरा घरी येणाऱ्या मुलासारखं.
मोबाइल काढून वेळ पाहिली.
नऊ? दहा?
तोवर बुटात शिरलं.

आता ती ओळ तिच्या जागी आहे.
तिच्यासाठी वेगळं छोटं मॉड्यूल केलंय, "मागची खाडी",
म्हणजे उद्या गाभा बदलला
तरी ते सुटं काढून पुन्हा लावता येईल.
"राहू दे"च्या खाली मी लिहिलं:
पाणी पाठीमागून येतं. स्वतः पाहिलं. गुडघ्यापर्यंत.

कर्त्याच्या रकान्यात
त्याच्या नावापुढे स्वल्पविराम दिला
आणि जरा वेळ तसंच बसून राहिले.
मग माझं नाव घातलं, माझा ईमेल,
जो आज तरी
परत येत नाही.