एक जून

बांबोळीच्या ओपीडीत खिडकीमागचा मुलगा
मान वर न करता विचारतो, वय?
अठ्ठ्याहत्तर, मी म्हणतो.
दोन बटणं दाबल्याचा आवाज होतो
आणि माझी रांग बदलते.

मज्जेत कच्च्या पेशी किती, गुणसूत्रं कुठे तुटलीत,
हे सगळं नंतर.
डॉक्टर मिनेझिस, माझ्या नातीच्याच वयाची असेल,
खुर्ची पुढे ओढून सांगते,
मास्तर, या वयात आपण सौम्य औषध देतो.
सात दिवस पोटाच्या कातडीत सुई, मग गोळ्या, मग वाट.
सौम्य.
छत्तीस वर्षं फळ्यावर शब्दार्थ लिहून दिले,
या शब्दापुढे काय लिहायचं ते आज कळलं.

शंभरातले किती, तेही ती सांगते. अंदाज म्हणून.
मी मनात अंश वर, छेद खाली घेतो,
संक्षिप्त रूप देतो. सवय.
वीस मुलांचा वर्ग,
बाकावर तिघं.

शेजारचा माणूस मास्क खाली करून हसतो.
शाबा कुंडईकर. चोडणच्या शाळेतला,
मानशीच्या दाराशी खेकडे धरताना दोनदा सापडलेला.
त्याच्याही हातावर सुईचा तोच निळा डाग.
धडा तोच, इयत्ता वेगळी:
त्याला कडक औषध, महिनाभर आत,
आणि झेपलं तर धाकट्या भावाची मज्जा.
‘मास्तर, म्हजीं तीन वर्सां उणीं बरयल्यांत तुमी.’

लिहिली होती.
त्याची आई मिठागरातून तशीच आली होती, पायाला चिखल,
म्हणाली, पोर्तुगीज गेले त्याआधीच्या शिगम्याचा हा.
म्हणजे नववं सरलेलं. एवढा थोराड पहिलीत कुठे बसवू?
मी एक जून लिहिलं आणि साल पुढे ढकललं.
अर्ध्या गावाला मी एकाच दिवशी जन्माला घातलंय.
त्या वर्षांवर कुणी उशिरा निवृत्त झालं,
कुणाची सोयरीक जमली,
माझ्या घरी नारळ यायचे.

दाखल्यावर शाबा एकसष्ट, आईच्या तोंडी चौसष्ट.
मधली तीन माझ्या अक्षरातली.

‘डॉक्टरला सांगू?’
नवव्या वर्षी विचारायचा तसंच, बोट अर्धं वर.
गप्प राहा, म्हणालो मी,
ज्यानं कॉपीच्या चिठ्ठ्या फाडल्या आयुष्यभर.
मग तिघांचे नंबर पुकारून होईतो थांबलो
आणि म्हणालो, सांग.

डॉक्टर हसली. मज्जा काही दाखला वाचत नाही, म्हणाली,
दोन जिने चढून दाखवा, हृदयाची तपासणी करू, मूत्रपिंडं बघू.
पण एकसष्टच्या शेजारी
पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहिलं तिनं.
लोकांची अक्षरं सुधारण्यात जन्म गेला,
तेवढं मला वाचता आलं नाही.

शाबा वर गेला. मी रायबंदरहून फेरी धरली.
पलीकडे भरती खाजनाच्या बांधाला टेकलेली,
मानशीचं दार पाण्यानंच मिटलेलं.
जुनं दार जास्त गळतं, हे खरं.
किती गळेल ते लाकडालाच ठाऊक,
आणि मागच्या वर्षी बसवलेलं नवं दार
शेणाण्यानं पोखरलं होतं, हेही मी पाहिलंय.

नंतर फोन. पांढऱ्या पेशी शून्यावर,
तोंडभर फोड, पेज गिळवत नाही.
मी माझ्या सौम्य दुपारी
गोळी हातात घेऊन ऐकत राहतो.
ही गोष्ट उलटी व्हायला हवी होती, असं वाटतं,
आणि व्हायला नको होती, असंही.
खोटं कशाला बोलू.

काल पुन्हा वाजला. आवाज खरखरीत, पण वर चढलेला.
‘मास्तर, आज म्हजो वाढदीस. नर्सनं केक हाडला.’
खोटा आहे तो, मी म्हणालो.
‘जाणा हांव,’ तो म्हणाला,
‘पूण तुमी दिल्लो.’